दगडूचं घर: मुंबईच्या फ्लॅटमध्ये जमिनीवरचं कासव कसं सांभाळावं

शेजारच्या विंगमधलं कुटुंब मार्चमध्ये परदेशी गेलं, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला निळा टब आमच्याकडे आला. टबात साधारण तीन वर्षांचं कासव होतं. पाठ १८ सेंटिमीटर, वजन १ किलो १४० ग्रॅम, आणि अर्धं अंग बुडेल एवढं पाणी. सोबत निम्मी काकडी दिली होती. "टोमॅटोही खातो, काही त्रास नाही त्याचा," काकूंनी सांगितलं. माणसं मनाने चांगली. पण कासव जमिनीवरचं होतं आणि तीन वर्षं पाण्यात उभं होतं. पाठीवरचा प्रत्येक चौकोन डोंगरासारखा वर आलेला, कडा दाबल्या तर किंचित लवणाऱ्या.

आम्ही त्याचं नाव दगडू ठेवलं. त्यानंतर मी जे शिकले, विचारलं आणि चुकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. कासव ओरडत नाही, लंगडत नाही, ताटावरून उठून जात नाही. आज केलेली चूक दोन वर्षांनी कवचावर दिसते आणि तोवर ती पुसता येत नाही. म्हणून पहिले काही आठवडे फार महत्त्वाचे. मुंबईत कासवाला खायला घालणं सोपं आहे, ऊन मिळवून देणं अवघड आहे. बहुतेक लोक खाण्याची काळजी करतात आणि उन्हाकडे बघत नाहीत.

आधी पाय बघा

मराठीत आपण सगळ्यांनाच कासव म्हणतो. सगळा घोळ तिथून सुरू होतो. हातात आलेलं कासव उचलून त्याचे पाय बघा. बोटांमध्ये पडदा, लांब नखं आणि चपटं कवच असेल तर ते पाण्यातलं. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर लाल कानाचं स्लायडर, दुकानांत सर्रास मिळतं ते. त्याला पोहायला पाणी आणि अंग शेकायला कोरडी जागा लागते. हा लेख त्याच्यासाठी नाही. पाय हत्तीसारखे खांबी आणि कवच घुमटासारखं असेल तर ते जमिनीवरचं, आणि असं कासव खोल पाण्यात बुडून मरतं.

जमिनीवरचं असेल तर पाठ नीट बघा. गडद पाठीवर पिवळ्या रेघा मध्यातून चांदणीसारख्या फुटलेल्या असतील तर ते आपलं भारतीय तारा कासव. ते घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ साली बदल झाले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार तारा कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत आहे. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड. "आजोबांच्या वेळेपासून आहे", "वास्तूसाठी शुभ म्हणून कुणी दिलं", ही कारणं चालत नाहीत. पावसाळ्यात नाल्याजवळ सापडणारं, पोटाला झडपा असलेलं मऊ पाठीचं कासवही आपल्या कायद्याने संरक्षितच आहे. अशा वेळी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि प्राणी त्यांच्या हाती द्या. नॅशनल पार्कात किंवा तलावात स्वतः सोडू नका. वर्षानुवर्षं घरात राहिलेला प्राणी आपल्यासोबत रोग घेऊन जातो, आणि जमिनीवरचं कासव तलावात सोडणं म्हणजे त्याला बुडवणंच.

दगडू सुलकाटा निघाला. पाठ वाळूच्या रंगाची, चांदण्या नाहीत, पुढच्या पायांवर जाड खवले आणि मागच्या मांड्यांवर काट्यासारखे उंचवटे. मूळ आफ्रिकेतला, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या गवताळ पट्ट्यातला. जगातल्या जमिनीवरच्या कासवांमध्ये गालापागोस आणि आल्दाब्रा बेटांवरच्यांनंतर आकाराने याचाच नंबर. पूर्ण वाढलेला नर ४०-५० किलोंचा होतो आणि ७० वर्षांहून जास्त जगू शकतो. मला हे आधी कळलं असतं तरी मी त्याला घेतलं असतं, पण विचार करून घेतलं असतं. तुम्ही आत्ताच करा.

कागद

सुलकाटा भारतातला नसला तरी त्याची नोंद करावी लागते. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतला विदेशी प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदवायचा. आधीच्या मालकाची नोंद असेल तर त्याची प्रत मागून घ्या आणि प्राणी तुमच्याकडे आल्याचंही नोंदवा. ते परदेशी गेले की सह्या मिळवणं कठीण जातं, म्हणून टब उचलण्याआधी कागद उचला. नोंद नसलेलं कासव कुणी विकत देत असेल तर घेऊ नका.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी फक्त तीन गोष्टी करायच्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन, पाठीची आणि पोटाची चार फोटो, आणि कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवणं. मग शांत जागी ठेवून द्या. घरात प्राणी आला की सगळी सोसायटी बघायला येते. त्यांना पुढच्या रविवारचं आमंत्रण द्या. कासवाला उचललं जाणं आवडत नाही; त्याच्या दृष्टीने हवेत उचलणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे शिकारी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाणं पुढे ठेवा, पण आग्रह करू नका. या आकाराच्या निरोगी कासवाने दोन-तीन दिवस तोंड फिरवलं तर घाबरायचं कारण नाही. मुठीएवढं पिल्लू असेल तर मात्र इतकं थांबू नका, डॉक्टरांना विचारा. आठवडा संपायच्या आत ताज्या शीचा नमुना छोट्या डबीत घालून जंतांची तपासणी करून घ्या. घरात आधीपासून दुसरं कासव असेल तर नव्याला किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवा.

"एकटं वाटत असेल, जोडी आणा" असं तुम्हाला चार जण तरी सांगतील. आणू नका. सुलकाटा एकटा राहणारा प्राणी आहे. दोन नर एकमेकांना उलथवतात, आणि उलथलेलं कासव उन्हात असेल तर थोड्या वेळात मरू शकतं. नर-मादी ठेवली तर नर तिला खाऊ-बसू देत नाही.

वाफा

काचेची टाकी नको. समोर दिसतंय आणि जाता येत नाही, हे कासवाला समजत नाही. ते दिवसभर काचेला डोकं घासत चालत राहतं. हवा कोंडते ती वेगळीच. हवी उघडी, अपारदर्शक भिंतींची, पसरट पेटी. आम्ही तिला वाफा म्हणतो, कारण शेवटी ती मातीचा वाफाच असते.

तळहातावर मावणाऱ्या पिल्लाला ४ फूट बाय २ फूट पुरतं. दगडूच्या आकाराला ६ बाय ३ लागला. ही किमान जागा आहे. हॉलमध्ये किंवा गच्चीवर रोज तासभर फिरणं याशिवाय. सुताराकडून १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची पेटी करून घेतली, भिंती दीड फूट उंच, आतून जाड प्लास्टिकचं अस्तर. रंग, व्हार्निश काही नाही. चारही कोपऱ्यांत तिरक्या पट्ट्या ठोकल्या, कारण कासव काटकोनी कोपऱ्यातच चढायचा प्रयत्न करतं आणि तिथूनच उलटं पडतं.

तळाशी चार इंच थर हवा. नारळाच्या भुशाची, म्हणजे कोकोपीटची, ५ किलोची वीट पाण्यात फुगून ६०-७० लिटर होते. आम्हाला दोन विटा आणि नर्सरीतल्या लाल मातीची एक गोणी लागली. माती खत-कीटकनाशक न मिसळलेली घ्या. नुसती रेती नको, ती खाण्याबरोबर पोटात जाते आणि आतडं तुंबतं. लाकडाचा सुवासिक भुसा नको. आणि घरातली टाइल तर मुळीच नको. तिच्यावर पाय सरकतात, पिल्लांचे पाय कायमचे फाकतात. फिरायला सोडायचं असेल तेवढ्या भागावर काथ्याची चटई अंथरा.

वाफ्याचं एक टोक गरम, दुसरं त्यामानाने थंड. थंड टोकाला लपायची जागा: मोठी मातीची कुंडी उभी चिरून तिचा अर्धा भाग पालथा घातला की झालं. त्याखालची माती दिवसाआड पाणी शिंपडून ओलसर ठेवा. रानात सुलकाटा लांब बीळ खणून दिवसाचा मोठा भाग आत काढतो. वर वाळवंट आणि बिळात दमटपणा अशी त्याची राहणी. सुलकाटाच्याच पिल्लांवर केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कवचावरच्या डोंगरांचं मुख्य कारण कोरडी हवा असल्याचं दिसलं, खाण्यातल्या प्रथिनांचा परिणाम त्यामानाने कमी होता. वाळवंटातलं कासव म्हणून पिल्लाला कोरडं ठाक ठेवणं ही चूक आहे. मुंबईच्या हवेचा इथे आपल्याला फायदाच होतो, पण एसी चालणाऱ्या बेडरूममध्ये तो नाहीसा होतो. एसीची खोली कासवाची नव्हे.

बाल्कनीत ठेवणार असाल तर तीन शत्रू ओळखून ठेवा. कावळे आणि घारी पिल्लं उचलतात. उंदीर-घुशी रात्री झोपलेल्या कासवाचे पाय कुरतडतात, आणि कासव ओरडत नसल्यामुळे सकाळीच कळतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी वाफ्यावर बारीक, जाड तारेची जाळी बसवलीच पाहिजे. तिसरी गोष्ट ग्रिलच्या खालची फट. कासव मान घालून ढकलत राहतं, आणि फट मोठी असेल तर खाली रस्ता असतो.

रसायनांबद्दल एक घरगुती गोष्ट. आपल्याकडे लादी फिनाइलने पुसतात. कासव फिरणार तो भाग फक्त साध्या पाण्याने पुसायचा, हे आमच्या कामवाल्या ताईंना समजावून सांगितलं आणि त्यांनी त्या भागासाठी वेगळं फडकंच ठेवलं. डांबरगोळ्या, मच्छर अगरबत्ती, पेस्ट कंट्रोल यांपासूनही लांब. सोसायटीत डासांसाठी धूर फवारायचा असला की वॉचमन आधी इंटरकॉम करतो. मी वाफा झाकून दगडूला आतल्या खोलीत नेते.

ऊन

इथे मी स्वतः दोन महिने चुकत होते. सकाळी हॉलच्या खिडकीतून सुंदर ऊन लादीवर पडायचं आणि मी दगडूला त्यात बसवायचे. काच बंद असायची, कावळ्यांच्या भीतीने. त्याला ऊब मिळत होती, बाकी काहीच नाही.

कासवाच्या कातडीवर सूर्याचे अतिनील-बी किरण पडले की शरीरात डी-३ जीवनसत्त्व तयार होतं. ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात जातं. नसेल तर शरीर हाडांतलंच कॅल्शियम काढून वापरतं. कवच मऊ पडतं, पाय वाकतात, जबडा लवचीक होतो. साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. डासांची जाळीही बराचसा भाग अडवते. म्हणजे खिडकीआडचं ऊन दिसायला ऊन, कासवाच्या लेखी अंधार.

म्हणून काच उघडा, जाळी सरकवा, आणि समोर बसा. हिवाळ्यात ९ ते ११, एप्रिल-मे मध्ये ८ ते साडेनऊ. एवढ्या वेळातला तासभर आठवड्यातून पाच दिवस मिळाला तरी मोठा फरक पडतो. निम्मी जागा सावलीत असलीच पाहिजे, कासवाला स्वतः सरकता आलं पाहिजे. प्लास्टिकच्या टबात किंवा टाकीत घालून उन्हात ठेवू नका, आतलं तापमान काही मिनिटांत जीवघेणं होतं. तोंडाला फेस, मान लांब, पाय झाडत पळायची धडपड, असं दिसलं तर ताबडतोब सावली आणि कोमट पाणी, बर्फाचं नव्हे.

आता खरी अडचण. मुंबईतल्या कितीतरी घरांना समोरच्या टॉवरमुळे थेट ऊन मिळतच नाही. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुणालाच मिळत नाही. तेव्हा दिवा लागतो. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी (म्हणजेच अतिनील-बी) टी५ ट्यूब, १० किंवा १२ टक्क्यांची, कासवाच्या पाठीपासून साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरवर, मध्ये काच-प्लास्टिक काही नाही, दिवसाचे दहा-बारा तास. पिळून बसवायचे छोटे कॉम्पॅक्ट बल्ब एवढ्या मोठ्या वाफ्याला पुरत नाहीत. ट्यूब पेटलेली दिसते तरी तिच्यातले किरण कमी होत जातात; वर्षाला बदला, बसवल्याची तारीख पट्टीवर लिहा. मत्स्यालयाची ट्यूब चालत नाही. लोहार चाळीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन नुसती "यूव्ही ट्यूब" मागितलीत तर जंतू मारणारी यूव्हीसी हातात पडू शकते. ती कासवाचे आणि तुमचेही डोळे भाजते. पाकिटावर यूव्हीबी वाचल्याशिवाय घेऊ नका.

ऊब वेगळी. तिच्यासाठी साधा हॅलोजन बल्ब गरम टोकाला वरून, त्याखालच्या जागी कासवाच्या पाठीच्या उंचीवर ३५ ते ४० अंश. थंड टोक २६-२८. हाताने अंदाज घेऊ नका, तापमापकाची बंदूक ऑनलाइन मिळते. रात्री दिवे बंद. आपल्याकडे जानेवारीतल्या चार-सहा रात्री सोडल्या तर रात्रीची ऊब लागत नाही. तेव्हा थर्मोस्टॅट जोडलेला, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. तापणारे दगड नकोत, पोट भाजतं आणि कासवाला कळत नाही. सुलकाटा थंडीत झोपी जाणारा प्राणी नाही. "हिवाळ्यात झोपलंय" असं वाटलं तर ते गारठलं आहे किंवा आजारी आहे.

खाणं

सुलकाटा हा चरणारा प्राणी आहे. म्हैस डोळ्यासमोर आणा, ससा नको आणि माणूस तर नकोच. त्याच्या खाण्यात पाच घासांपैकी चार घास गवत, ओलं आणि सुकं मिळून. उरलेला एक पाला आणि फुलं. भाजी कधीमधी, फळ जवळपास कधीच नाही. गवतातल्या तंतूंवर त्याच्या आतड्यातले जीवाणू जगतात. फळांची साखर गेली की त्यांचा समतोल बिघडतो आणि जुलाब लागतात.

मुंबईत गवत कुठून आणायचं? मी चार वाटा शोधल्या. पहिली दूर्वा. दादरच्या फुलबाजारात सकाळी लवकर गेलात तर हरळीचा गठ्ठा स्वस्त मिळतो. संकष्टीच्या आदल्या दिवशी जाऊ नका, तेव्हा भाव वेगळाच असतो. देवाला वाहिलेली दूर्वा वाया जाऊ नये म्हणून सासूबाई सुरुवातीला दगडूला देत. भावना मला कळत होती, पण निर्माल्यात कुंकू, गुलाल, अष्टगंध असतं. आता पूजेची जुडी सोडण्याआधीच त्यातल्या चार काड्या बाजूला निघतात आणि त्याही सासूबाईच काढतात.

दुसरी वाट मंदिराबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बायकांची. त्यांच्याकडच्या पेंड्या ताज्या असतात, पण बघून घ्या: तीन-तीन गोल पानांची असेल तर ती लसूणघास आहे, गवत नव्हे. तिच्यात प्रथिनं फार. आठवड्यातून एकदा चिमूटभर ठीक, रोजची नाही. तबेल्याला जाणारं हिरवं गवत घ्यायचं असेल तर ते कुठे पिकतं हे विचारा. नाल्याच्या काठचं नको. हायवेच्या कडेचं आणि सोसायटीच्या बागेतलंही नको, तिथे कुत्री, उंदरांचं औषध आणि फवारणी.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते. नवरात्रात घटाभोवती माती पसरून आपण धान पेरतो, तसंच करायचं. पसरट ट्रेमध्ये दोन इंच माती, गहू किंवा बाजरी रात्रभर भिजवून पेरायची, नवव्या दिवशी कापायला तयार. तीन ट्रे तीन-तीन दिवसांच्या अंतराने पेरले तर रोज ताजं मिळत राहतं. कोवळं असल्याने यात तंतू कमी असतात, म्हणून सुक्या गवताबरोबरच द्या.

चौथी वाट सुकं गवत, सशांसाठी टिमोथी नावाने पाकिटात मिळतं ते. कात्रीने एक-एक इंचाचे तुकडे करून, पाणी शिंपडून, अर्धा तास मऊ होऊ द्यायचं. भाताचा पेंढा यासाठी वापरू नका. राठ असतो आणि पोषण नसतं.

आता पाला. जास्वंदीची पानं आणि फुलं दोन्ही उत्तम, आणि कुंडीत येते. तुतीची पानं, गोकर्णाची फुलं, भोपळ्याच्या वेलीची पानं चालतात. शेवग्याचा पाला कॅल्शियमने भरलेला आहे पण प्रथिनंही बरीच, म्हणून आठवड्यातून एकदा. फड्या निवडुंगाचं पान काटे चाकूने पूर्ण खरवडून, चिरून द्या. कॅल्शियम आणि पाणी एकत्र मिळतं, आणि दगडू ते बघून पेटीच्या त्या टोकाहून चालत येतो. भाजीवाल्या मावशींकडून कधी कोथिंबीर, कधी दुधी किंवा लाल भोपळ्याचा तुकडा. मेथी थोडी.

पालक, राजगिरा आणि अळू टाळा, त्यातली ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतात. कोबी-फ्लॉवर कधीतरीच, थायरॉइडवर परिणाम होतो. काकडी-टोमॅटो विष नाहीत, पण निव्वळ पाणी. पोट भरतं आणि मिळत काही नाही. पोळी, भात, पाव, दूध, मोड आलेली कडधान्यं, अंडं, कुत्र्या-मांजरांचं खाणं, यांतलं काहीही नाही. नैवेद्याच्या ताटातलं केळं लहान मुलं प्रेमाने पुढे करतात. त्यांना केळ्याऐवजी जास्वंदीचं फूल हातात द्या.

विषारी झाडं आपल्याच बाल्कनीत असतात. कण्हेर, पिवळी कण्हेर, अ‍ॅडेनियम, सदाफुली, मनी प्लांट, डिफेनबाखिया, क्रोटन. बाहेर रुई, घाणेरी, धोतरा, एरंड. गळलेलं पानही कासव खातं, त्यामुळे कुंडी नुसती उंचावर ठेवून भागत नाही. आम्ही अ‍ॅडेनियम मैत्रिणीला देऊन टाकलं.

काकडीवर वाढलेल्या कासवाला गवत हे खाणं वाटतच नाही. दगडूने पाच दिवस गवताकडे बघितलं नाही. मग मी काकडी किसून तिच्यात बारीक कापलेलं गवत चार भागांत एक भाग मिसळलं. दर तीन दिवसांनी काकडी कमी, गवत जास्त. मधेच त्याने बहिष्कार घातला की दोन दिवस मागे जायचं. लाल भोपळ्याचा किस गवताला चोळला तर वास आणि रंग दोन्हीने ओढ लागते. पूर्ण गवतावर यायला आम्हाला २६ दिवस लागले.

रोजची मात्रा: कासवाच्या कवचाएवढा सैल ढीग, सकाळी अंग शेकून झाल्यावर. सुकं गवत दिवसभर तिथेच असू द्या. चपट्या दगडावर किंवा फरशीच्या तुकड्यावर वाढा, म्हणजे माती पोटात जात नाही आणि चोच झिजते. आठवड्यातून दोन-तीनदा कॅल्शियम कार्बोनेटची पूड चिमूटभर भुरभुरवा, आणि पक्ष्यांच्या दुकानातला समुद्रफेनाचा तुकडा वाफ्यात टाकून ठेवा. पाकिटातली जीवनसत्त्वं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पाणी

कुंडीखालची मातीची बशी वाफ्यात रोज ताज्या पाण्याने भरा. त्याशिवाय घमेल्यात कोमट पाण्याचं स्नान: पिल्लाला रोज, दगडूएवढ्याला आठवड्यातून तीनदा, १५-२० मिनिटं. पाणी पोटाकडची ढाल आणि पाठ जिथे जुळतात तिथवर, त्याहून वर नाही. कासव त्यात पितं, शी-शू करतं. शूबरोबर पांढरा लगदा येतो. टूथपेस्टसारखा मऊ असेल तर ठीक, रेतीसारखा खरखरीत असेल तर शरीरात पाणी कमी पडतंय आणि पुढे मूतखडा होऊ शकतो.

हे पाणी संडासात ओता, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. निरोगी कासवही साल्मोनेला बाळगून असू शकतं. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवायचे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी हाताळायचं नाही.

पावसाळा

त्याच्या मूळ प्रदेशात वर्षभरात जितका पाऊस पडतो तितका आपल्याकडे जुलैत एखाद्या आठवड्यात पडून जातो. गरम दमट हवा त्याला चालते. थंड आणि ओलं एकत्र आलं की फुफ्फुसं धरतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात वाफा बाल्कनीच्या झडीपासून आत घ्या. दिवे रोज लावा, बाहेर उकडत असलं तरी. वरची माती कोरडी राहायला हवी, नाहीतर पोटाकडच्या ढालीवर बुरशी येते. दर चार दिवसांनी तिला उलटपालट करून वास घ्या. कुबट वास आला तर बदला. सुकं गवत हवाबंद डब्यात ठेवा, बुरशीचं एक ठिपकं दिसलं तरी पूर्ण गठ्ठा टाकून द्या.

डॉक्टर

आजार येण्याआधी डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर कासव बघत नाहीत. फोन करून "सरपटणारे प्राणी बघता का" असंच विचारा. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा हॉस्पिटल. सुरुवात तिथून करता येते. एक औषध पाठ करून ठेवा: आयव्हरमेक्टिन. गाईगुरांना, कुत्र्यांना जंत-गोचिडांसाठी सर्रास देतात, कासवाला ते प्राणघातक आहे. जंतांचं औषध लिहून दिलं की हे नाही ना, असं विचारायला संकोचू नका.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, सुजलेले डोळे, मऊ पडणारं कवच, आठवडाभर उपास: यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दाखवा. कासवाला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला पडदा (श्वासपटल) नसतो, कफ खोकून बाहेर टाकता येत नाही, म्हणून त्याची सर्दी आपोआप बरी होईल असं धरू नका.

दर रविवारी वजन करून वहीत लिहा. एकट्या आकड्याला अर्थ नसतो, ओळीने आठ आकडे झाले की असतो. दगडू पहिल्या महिन्यात १,१४० वरून १,११५ वर आला, काकडी सुटली तेव्हा. वर्षभराने १,६८०. जुने डोंगर तसेच आहेत, ते जाणार नाहीत, पण त्यांच्या कडेने आलेली नवी वाढ सपाट आणि टणक आहे.

पुढचं

अजून दोन-तीन वर्षांत त्याला वाफा पुरणार नाही. काही वर्षांनी तो मला उचलता येणार नाही. फ्लॅट हे सुलकाटाचं बालपणाचं घर आहे, कायमचं नाही, हे पहिल्याच वर्षी ठरवून पर्याय बघावा. माझं माहेर माणदेशातलं. तिथला कोरडा माळ त्याला आपल्या कोकणपट्टीपेक्षा जवळचा. भावाशी बोलून विहिरीमागची जागा ठरवली आहे. खणून बाहेर जाऊ नये म्हणून भिंत दोन फूट जमिनीखाली आणि दोन फूट वर, आणि तिकडची थंडी बोचरी असल्याने रात्रीसाठी गरम खोपट. हलवायच्या आधी परिवेशवर पत्ता बदलावा लागेल, तेही वहीत लिहून ठेवलंय.

वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक नोंद आहे. दगडू माझ्यापेक्षा जास्त जगेल, म्हणून माझ्यानंतर तो कुणाकडे जाईल हे आम्ही घरच्यांनी बसून ठरवलं. तिथे माझ्या भाचीचं नाव आहे, तिने स्वतः लिहिलेलं. ती १४ वर्षांची आहे, डोंबिवलीहून रविवारी येते आणि वजन तीच करते.